सख्खे शब्द, उसने शब्द

माझी नोकरी काय होती, हे मला मालेगाव-वाशीम एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाला कधीच धड सांगता आलं नाही. तलाठी म्हटलं की लोकांना कळतं, मास्तर म्हटलं की कळतं. मी म्हणायचो, "मी भाषा तपासतो." ऐकणारा जरा सरकून बसायचा. एकानं तर विचारलंच, "मंग आमची कशी हाय? पास का नापास?" तेव्हा मी हसलो होतो. आज लिहायला बसलो तर वाटतं, त्या माणसानं माझी एकोणतीस वर्षांची नोकरी एका वाक्यात सांगून टाकली होती.

दिवाळी अंकवाल्यांना माझ्याकडून गमतीचे प्रसंग हवे आहेत. नोकरीत गमती झाल्या, नाही असं नाही. पण निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, आणि रोज सकाळी चहा घेताना मला एकच घर आठवतं. त्या घराबद्दल लिहितो. संपादकांना नको असेल तर त्यांनी खुशाल परत पाठवावं.

काम असं होतं. आदिवासी असल्याचा दाखला ज्याच्याकडे आहे, त्याला नोकरी लागली किंवा कॉलेजात जागा मिळाली, की तो दाखला खरा का खोटा हे एक समिती तपासते. त्या समितीच्या कार्यालयात मी संशोधन सहायक होतो. आजा-पणज्याच्या जुन्या नोंदी नीट सापडल्या तर घोडं पुढं जातं. नोंदीच नसल्या, किंवा शाळेच्या दाखल्यात कुण्या गुरुजीनं भलतंच काही लिहून ठेवलं असलं, की पथक घरी जायचं. देव कोणता, लग्नात काय करता, माणूस गेलं तर पुरता का जाळता, असे प्रश्न. आणि शेवटी, घरात बोलता काय? हा शेवटचा प्रश्न माझा. माझ्याकडे शंभर शब्दांची यादी असायची. पाणी, विस्तव, डोळा, केस, कुत्रा, चंद्र, मी, तू, कोण. "तुमच्या बोलीत पाण्याला काय म्हणता?" असं विचारत जायचं आणि उत्तर लिहायचं. पूर्वीच्या अभ्यासकांनी त्या जमातीची बोली लिहून ठेवलेली असते, तिच्याशी ताडून बघायचं.

ही यादी आली कुठून ते सांगायला हवं, कारण माझा सगळा तोरा त्या यादीत होता.

मी भाषाशास्त्र शिकलो. आमचे सर म्हणजे एक वल्ली. त्यांना एकाच गोष्टीचं वेड. मराठी, संस्कृत, फारसी, इंग्रजी, रशियन ही सगळी एका मोठ्या कुटुंबातली भावंडं, हे तर आता शाळेतही सांगतात. फिनलंडची आणि हंगेरीची भाषा मात्र त्या कुटुंबात बसत नाही. युरोपच्या मधोमध राहून त्या वेगळ्याच घराण्याच्या. सरांचा प्रश्न असा, की ही दोन घराणी फार फार मागे, हजारो वर्षांपूर्वी, एकाच आईची लेकरं असतील का? ते आम्हाला फळ्यावर शब्द लिहून दाखवायचे. आपण शंभराला संस्कृतात शत म्हणतो, फिनलंडात म्हणतात साता. आपलं मधु, त्यांचं मेसी. आपलं नाम, त्यांचं निमी. मी वाशीम जिल्ह्यातून गेलेला पोरगा. बर्फातल्या माणसाच्या तोंडी आपलं नाम बघून माझ्या अंगावर काटा आला होता.

लगेच सर फडकं घेऊन साता आणि मेसी पुसून टाकायचे. म्हणायचे, "हे बाजाराचे शब्द. आपल्या बाजूच्या कुणाशी तरी त्यांची देवघेव झाली, त्यात मध गेला, आकडे गेले. उसना शब्द नातं सिद्ध करत नाही. शेजार सिद्ध करतो." मग उरायचे बारके शब्द. आपलं मी, त्यांचं मिना. आपलं तू, हंगेरीतलं ते. आपलं कोण, हंगेरीतलं की. सर म्हणायचे, मध उसना आणतो माणूस, पण 'मी' आणि 'तू' कुणी शेजाऱ्याकडून मागून आणत नाही. हे चुलीजवळचे शब्द, हे सख्खे. इथं नातं असू शकतं. असू शकतं म्हणायचं, आहे म्हणायचं नाही. जगातल्या मोठमोठ्या पंडितांत यावर अजून एकमत नाही. सर गेले तरी झालं नाही, मी जाईन तेव्हाही होणार नाही.

मला प्राध्यापक व्हायचं होतं, झालो नाही. ही नोकरी मिळाली. मी सरांची रीत उचलली आणि माणसांना लावली. चुलीजवळचे शब्द ज्याला येतात तो सख्खा, ज्याला येत नाहीत तो बनावट. कार्यालयासाठी मी एक मार्गदर्शक टिपणही लिहिलं, चौदा पानी. त्यात साता आणि मधाचं उदाहरण दिलं. वरिष्ठ खूश झाले. वाशीमच्या बाहेर, इतर कार्यालयांतही माझं टिपण फिरलं. माझी कॉलर ताठ झाली, ती चांगली वीस वर्षं ताठ होती.

आता एक गंमत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कारंजा तालुक्यातल्या एका घरी आम्ही गेलो. पक्कं घर, दारात गाडी, भिंतीला टाईल. अर्जदाराच्या वडिलांना मी विचारायला लागलो. पाणी? तयार. विस्तव? तयार. शंभरच्या शंभर शब्द धडाधड आले, एक चुकला नाही. मी मनातून हरखलो. इतकी शुद्ध बोली मी कुठंच ऐकली नव्हती. मग नुसतं गंमत म्हणून विचारलं, "मला पाणी दे, असं कसं म्हणाल?" गृहस्थ आढ्याकडे बघायला लागले. वाक्य एक येईना. तालुक्याच्या ठिकाणी तेव्हा एक झेरॉक्स पुस्तिका मिळायची, त्यात माझीच यादी उत्तरांसकट छापलेली होती. अनुक्रमसुद्धा माझाच. बाहेर पडल्यावर आमच्या पथकातले पोलीस निरीक्षक म्हणाले, "साहेब, तुमच्या कविता लोक पाठ करून राह्यले." आम्ही पोट धरधरून हसलो.

त्याच दिवशी मी यादी फेकून द्यायला हवी होती. मी काय केलं? यादीचा अनुक्रम बदलला.

त्यानंतर दोन वर्षांनी सुनंदाचं प्रकरण आलं. नाव बदललं आहे. किन्हीराजाच्या पलीकडे एक वस्ती आहे, तिथली ही मुलगी. जमातीचं नावही लिहीत नाही. तिची वनरक्षक म्हणून निवड झाली होती. धावण्यात तिच्यापुढे कुणी नव्हतं म्हणे. ती रुजूही झाली होती, पण पडताळणीचं प्रमाणपत्र मिळेल या अटीवर. घरात बाप गेलेला, आई शेतमजुरीला. नोंदी म्हणाव्या तर आजा शाळेत गेलेला नाही, आणि बापाच्या दाखल्यावर नुसतं 'हिंदू' लिहून पुढे रेघ मारलेली. म्हणजे सगळा भार भाषेवर आला. आणि भाषा घरात जिला पुरती येत होती ती सुनंदाची आजी, कासाबाई.

आम्ही दुपारी पोचलो. अंगण सारवलेलं, बाज टाकलेली. कासाबाई पंच्याहत्तरीची असेल, कपाळभर गोंदलेलं, पदर डोक्यावरून पुढं ओढून बाजेच्या पायाशी बसली. सुनंदा खाकी कपड्यात होती, ड्युटीवरून सुटी काढून आली होती. मी कार्यालयाचं रेकॉर्डर बाजेवर ठेवलं आणि सुरू केलं.

"आजी, तुमच्या बोलीत पाण्याला काय म्हणता?"

"पानी म्हनतो जी."

"विस्तवाला?"

"इस्तू."

"डोळ्याला?"

"डोया म्हनतो सायेब. दुसरं काय म्हनाव?"

मी यादीवरून खाली उतरत गेलो आणि ती आपली वऱ्हाडी शब्द देत गेली. सुनंदा मधेच म्हणाली, "आजी, आपल्या घरचं सांग न वं." म्हातारीनं तिच्याकडे नुसतं बघितलं आणि पदर आणखी पुढं घेतला. मी सुनंदाला दटावलं. साक्षीदाराला सुचवायचं नाही, असा नियम होता आणि नियम माझाच होता. मग सुनंदाला विचारलं. तिला पंधरा-सोळा शब्द आले, तेही आजीकडे चोरून बघत, अडखळत. मी लिहिलं, 'पाठांतर असण्याची शक्यता.' कारंज्याच्या त्या टाईलवाल्यानं माझ्या डोक्यात संशय भरून ठेवला होता. त्यानं धडाधड सांगितलं ते पाठांतर, आणि हिनं अडखळत सांगितलं तेही पाठांतर. मग अस्सल कोण, हे मी स्वतःला विचारलं नाही.

यादी संपल्यावर सुनंदाचा चुलता म्हणाला, देव दाखवतो. आम्ही सगळे त्याच्यामागे वस्तीबाहेर मोहाच्या झाडाखालचे दगड बघायला गेलो. परत आलो, चहा झाला, रेकॉर्डर उचललं, निघालो. अहवालात मी लिहिलं: अर्जदाराच्या कुटुंबातील ज्येष्ठ महिलेस जमातीच्या बोलीतील एकही मूलभूत शब्द सांगता आला नाही. भाषिक आप्तभाव आढळून येत नाही.

वाक्य नेटकं होतं. मला नेटकी वाक्यं लिहायची खोड आहे.

आठ महिन्यांनी दाखला रद्द झाला. सुनंदाला नोकरीवरून काढलं. निकालाची प्रत घ्यायला ती स्वतः कार्यालयात आली, तेव्हा माझ्या टेबलापाशी थांबली. मी कागदात डोकं घातलं. "आजी दोन दिस जेवली नाई," एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, "अपील करता येतं." ती गेली. अशी माणसं रोज यायची. सगळ्यांसाठी हळहळत बसलो तर काम कसं होणार, असं मी स्वतःला समजावलं. त्या काळात मी असं बरंच समजावायचो.

निवृत्तीला चार महिने राहिले होते. रेकॉर्डर कार्यालयात जमा करायचं म्हणून त्यातल्या फायली एकेक करून ऐकत होतो. कार्यालयात कुणी नव्हतं, सगळे जेवायला गेले होते. किन्हीराजाची फाईल लावली. माझा आवाज, म्हातारीचा आवाज, पानी, इस्तू, डोया. यादी संपली. चुलता म्हणतो, चला देव पाहू. चपलांचा आवाज. आणि रेकॉर्डर चालूच.

आम्ही देव बघायला गेलो तेव्हा मी ते बंद करायला विसरलो होतो. यादीच्या पुढचं काही ऐकायची माझी पद्धतच नव्हती, म्हणून इतके दिवस कळलंही नव्हतं.

आधी कोंबडी, मग भांडं. मग म्हातारी बोलायला लागली. तिच्या बोलीत. शब्द नव्हे, भाषा. न थांबता, न अडखळता, रागावून, मधेच हसून. सुनंदा उत्तर देत होती, तीही त्याच बोलीत, आणि एकदाही अडखळली नाही. अकरा मिनिटं. मी पुस्तकातून ती बोली शिकलो होतो, त्यामुळे मला शब्द कळत होते, वाक्य धड लागत नव्हतं. पाणी आलं, विस्तव आला, मी, तू, कोण, सगळे आले. माझ्या यादीतले कितीतरी शब्द ती बाई आपसूक बोलून गेली होती, आणि मी तिला शून्य दिलं होतं.

ती अकरा मिनिटं मी पुन्हा पहिल्यापासून लावली.

आता मी काय केलं ते लिहितो. काही केलं नाही. वरिष्ठांकडे जावं असं वाटलं. मग वाटलं, चौकशी लागेल, निवृत्तीचे कागद अडकतील, बायकोचं ऑपरेशन तोंडावर आहे. मी फाईल माझ्या मोबाईलमध्ये घेतली, रेकॉर्डर पुसून जमा केलं. चार महिने गप्प बसलो. निरोप समारंभात माझ्या टिपणाचं कौतुक झालं, नारळ मिळाला, शाल मिळाली. पेन्शन सुरू झाली. त्यानंतरही सहा महिने मी गेलो नाही. याला भीती म्हणा. मी स्वतः हलकटपणा म्हणतो.

शेवटी गेलो तो बायकोमुळे. एक दिवस तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही मले हे कायले सांगून राह्यले? त्या पोरीले जाऊन सांगा." दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढली.

वस्तीवर बाज तीच होती. कासाबाई नव्हती, आश्विनात गेली होती. सुनंदा मालेगावात कापडाच्या दुकानात कामाला जात होती, त्या दिवशी दुकान बंद म्हणून घरी होती. तिनं मला ओळखलं. बसा म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही. मी उभ्यानंच सांगितलं आणि मोबाईल लावला.

आजीचा आवाज आला तशी ती खाली बसली. पूर्ण ऐकलं. मधे एकदा हसली, एकदा तोंडावर हात धरला. तिची आई आतून आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. तिला वाटलं असेल सासू परत आली.

"काय बोलून राह्यल्या त्या?" मी विचारलं.

सुनंदा उठून बाजेवर बसली. मग म्हणाली, "मी तिले म्हणून राह्यली, आजी, त्याले आपली बोलीच पायजे, सांग न. तर आजी म्हणते, पावण्यापुढं आपली बोली बोलू नये. त्याले समजत नाई, त्याले वाटन आपन त्यालेच नावं ठेवून राह्यलो. पावण्याशी पावण्याच्या बोलीत बोलाव. आमच्यात तसंच असते सायेब. लहानपणी आमाले मार बसे, कोनी घरी आलं आन् आमी घरचं बोललो तर."

"तुम्ही मला हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"सांगत होती न मी. तुमी म्हणले, मधात बोलू नको."

हे खरं होतं. तेही रेकॉर्डिंगमध्ये होतं, माझ्याच आवाजात.

मी पुस्तकांतून त्या जमातीचे देव, लग्नं, मयती सगळं वाचलं होतं. पाव्हण्यापुढं त्याच्या भाषेत बोलायचं, ही गोष्ट कुठल्या पुस्तकात नव्हती, कारण पुस्तक लिहिणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे पाव्हणाच होता. आणि मी शंभर शब्दांचा कागद घेऊन एका म्हातारीला सांगत होतो की घरी आलेल्या माणसाचा अपमान कर, नाहीतर तुझ्या नातीची नोकरी घालवतो.

सुनंदानं विचारलं, "आता याचं काय होते?"

मी म्हटलं, मी प्रतिज्ञापत्र देतो. वकील पाहू.

"लिहून द्या," ती म्हणाली. आभार वगैरे काही नाही, आणि का असावेत?

वकिलानं माझं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि पेन खाली ठेवलं. हे रेकॉर्डिंग तुम्ही पहिल्यांदा ऐकलं कधी, असा प्रश्न येईल म्हणाला. सेवेत असताना ऐकलं म्हटलं तर तुमच्यावर शेकेल; निवृत्तीनंतर सापडलं असं लिहू, कुणाला कळणार नाही. मी सोबत आलेल्या सुनंदाकडे पाहिलं. खोटं नाही बोलणार, मला ती पळवाट गोड वाटली होती. ती म्हणाली, "खरी तारीख लिवा." मी खरी तारीख लिहिली.

कोर्टानं प्रकरण पुन्हा ऐकायला समितीकडे पाठवलं. सुनंदाच्या आईनं त्या दिवशी वस्तीत सगळ्यांना चहा पाजला. वनरक्षकाची जागा अजून भरलेली नव्हती. सुनंदानं पहाटे पळायला जाणं पुन्हा सुरू केलं. मलाही वाटायला लागलं होतं, की निभेल.

सुनावणीला माझ्या जुन्या खुर्चीवर एक तरुण अधिकारी होते. हुशार, सभ्य. मला सर म्हणत होते. त्यांनी अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं, आमच्या काळात एवढं कुणी ऐकलं नसतं. मग म्हणाले, "सर, बोली अस्सल आहे, मान्य. पण आजी आता हयात नाहीत. यांच्या वस्तीशेजारी त्या जमातीची मोठी वस्ती आहे. शेजाराने भाषा येऊ शकते ना?"

मी म्हटलं, घरात, चुलीपाशी, दोघीच असताना कुणी शेजाऱ्याची भाषा बोलत नाही.

त्यांनी एक फाईल उघडली. माझं चौदा पानी टिपण. पान सहा काढून त्यांनी मोठ्यानं वाचलं. "भाषा समान म्हणून वंश समान असे नाही. फिनलंडमधील लोक शंभर या अर्थी साता म्हणतात, म्हणून ते आपल्या वंशाचे ठरत नाहीत. शेजाराने शब्द उसने घेतले जातात, क्वचित अख्खी भाषाही उसनी घेतली जाते. केवळ भाषेच्या आधारे आप्तभाव मान्य करू नये." त्यांनी मान वर केली. "हे तुमचंच आहे ना सर?"

"हो."

"यात काही चूक आहे का?"

चूक नव्हती. शास्त्र म्हणून त्यातलं अक्षर न अक्षर बरोबर होतं. बोली नाही म्हणून मी तिला नाकारलं होतं, आणि आता बोली आहे तर ती पुरेशी नाही, म्हणून माझाच कागद तिला नाकारत होता. मला त्या अधिकाऱ्याचा रागही येईना. तो माझ्यासारखाच बोलत होता, फक्त माझ्यापेक्षा सौम्य. मी कायबाय बोललो. दाखला घ्यायला लोक पुस्तिका पाठ करतात, ही बाई तर पाहुण्याचा मान राखायला गप्प राहिली, असं काहीतरी. त्यांनी ते लिहून घेतलं. निकाल महिन्याभरानं आला. दाखला अवैध.

सुनंदाचं वय आता भरतीत बसत नाही. कोर्टात पुन्हा जायचं का, असं मी विचारलं, तर ती म्हणाली, "किती डाव जाव?" त्या खऱ्या तारखेमुळे माझ्याविरुद्ध लागलेली चौकशी चालू आहे, चालू दे.

निकालाची प्रत घेऊन आम्ही वाशीमच्या बसस्टँडवर बसलो होतो. बराच वेळ गाडी नव्हती. तिनं हातातला कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "सायेब, ते फिनलंडचं काय होतं? ते लोक आपले हायत का नाईत?"

मी तिला सांगितलं. मध, शंभर, नाव, मी, तू. दोन घराणी, कदाचित एक आई. कुणाला ठाऊक नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, "मराठीत बी उसने शब्द असतीन?"

"भरपूर. दुकान फारसी, टेबल इंग्रजी, खिडकी कानडीतून आली म्हणतात. उसनं काढून टाकलं तर कुणाचीच भाषा उरत नाही."

"मंग सगळ्यायचीच उसनी."

"सगळ्यांची."

 आवाज न चढवता, मला खरंच माहीत असेल असं समजून तिनं विचारलं, "तं मंग आमालेच काहून इचारलं?"

मालेगावची गाडी लागली. ती उठली आणि गर्दीत चढली. मलाही त्याच गाडीनं जायचं होतं, पण मी बसून राहिलो.